खुडूक कवडी आणि जोंधळ्याची पाटी

एका जंगलात कोंबड्यांचं एक खुराडं होतं. जंगलात खुराडं कुणी बांधलं, असं मधेच विचारायचं नाही. गोष्टीत वाघ बोलतो तेव्हा तुम्ही विचारता का, याला बोलायला कुणी शिकवलं म्हणून? मग खुराडं होतं असं धरून चाला आणि नीट मांडी घालून बसा.

तर खुराड्यात आडवी एक लांब दांडी होती. दिवस मावळला की सगळ्या कोंबड्या दांडीवर ओळीनं बसायच्या. मधोमध तुरेराव कोंबडा. तो खुराड्याचा कारभारी. त्याच्या शेजारी फुलाक्का. ती वयानं थोरली, अंगानं थोरली, आणि आवाजानं तर दोन्हींहून थोरली. बाकीच्या आपापल्या मानाप्रमाणं डावी-उजवीकडं.

आता कोंबडी झोपेतसुद्धा शिटते. हसून घ्या एकदाचं, मग पुढं जाऊ. झालं?

म्हणून दांडीखाली पाट्या ठेवलेल्या होत्या. सुगरण पाखरानं विणलेल्या, सुपासारख्या. तीन बाजूंना काठ आणि मागची बाजू उघडी. वरून पडेल ते पाटीत पडावं, सकाळी पाटी बाहेर ओढून झटकावी, अशी सोय. सोय चांगली होती. फक्त पाट्यांत घातलेलं काहीच नव्हतं. ना माती, ना पाला. त्यामुळं शीट पडायची, पसरायची आणि उघड्या बाजूनं ओघळत मागं जायची. जमीनही मेली मागच्याच अंगाला उतरती.

आणि मागं कोण होतं? कवडी.

कवडी म्हणजे अंगभर पांढरे ठिपके असलेली काळी कोंबडी. त्या साली ती खुडूक झाली होती. कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसायचं वेड लागतं. खाणं नको, पिणं नको, कुणाशी बोलणं नको. अंगातून नुसती ऊब निघत असते. हात लावायला जाल तर फसकन पिसं फुलवून अंगावर येते. अशा कोंबडीची टोपली खुराड्यात अगदी मागं, भिंतीला लावून ठेवायची, अशी त्यांची रीत होती. कोल्हा दारातून येतो, म्हणून खुडूक मागं. रीत काही वाईट नव्हती. कोल्हा मागं येत नसे. शीट येत असे.

कवडीच्या टोपलीचं बूड रोज सकाळी ओलं व्हायचं. ती चोचीनं गवत वर ओढायची, अंडी या कडेची त्या कडेला घ्यायची. अंड्याला ओल लागली की ते आतून नासतं आणि मग त्याच्यावर जन्मभर बसून राहिलं तरी त्यातून वासाशिवाय काही निघत नाही. गेल्या खेपेला तिचं तसंच झालं होतं. एकसुद्धा पिल्लू निघालं नव्हतं. यंदा ओल कुठवर आली, याच्याकडंच ती रात्रंदिवस डोळे लावून बसली होती.

एक दिवस तिनं मागून हाक मारली, "कारभारी, अहो कारभारी, पाट्यांत काहीतरी घाला."

"काय घालू?" तुरेराव म्हणाला.

"राख घाला. टेकडीवर वणवा लागून गेलाय, ढीग पडलेत राखेचे. शीट पडली की राख तिला धरून ठेवते. वासही मरतो."

फुलाक्कानं मान तिरकी करून एका डोळ्यानं खाली पाहिलं. कोंबडीला तुच्छतेनं बघायला एकच डोळा पुरतो. "राख? भरल्या खुराड्यात राख? कुणी गेलंय का आपल्यात?"

"जायची वेळ आलीय आक्का. माझ्या अंड्यांना ओल लागतीय."

"अगं, तू खुडूक आहेस. खुडकाचं डोकं तापलेलं असतं. तापल्या डोक्याचं काय ऐकायचं?"

तुरेराव मात्र विचारात पडला. त्याला विचारात पडायला आवडायचं, कारण तसा बसला की तुरा छान दिसायचा. म्हणाला, "पाटीत काय घालायचं हा लहान प्रश्न नाही. घाण म्हणजे खुराड्याची अब्रू. हे कुणा एकीच्या म्हणण्यावर ठरायचं नाही. निवड समिती नेमू."

समिती नेमली. दांडीवर बसणाऱ्या सगळ्या समितीत. कवडी दांडीवर बसत नव्हती, म्हणून ती समितीत नव्हती. ज्यांच्या अंगावर काही येत नव्हतं, त्यांनी शांत डोक्यानं निर्णय घ्यावा, असं ठरलं.

समितीला जाणकार हवा होता. तळ्यावर नुकताच एक करकोचा उतरला होता. तो दर हिवाळ्यात परदेशातून यायचा. उंच मान, लांब पाय, बोलताना डोळे अर्धे मिटलेले. त्याला बोलावणं गेलं. करकोचा कधी खुराड्यात राहिलेला नव्हता. दांडीवर बसलेला नव्हता. तो तळ्याच्या पाण्यात उभा राहायचा आणि त्याचं सगळं पाणीच वाहून न्यायचं. पण तो आला, दारातून मान आत घातली आणि म्हणाला, "आमच्याकडं तिकडं असं नसतं."

सगळ्या कोंबड्यांनी एकदम माना उंच केल्या. इतकं जाणतं वाक्य त्या खुराड्यात कुणी बोललेलं नव्हतं.

"मग तिकडं कसं असतं?" तुरेरावानं विचारलं.

"तिकडं आधी नमुने मागवतात. मग परीक्षा घेतात. रूप बघतात, वास बघतात, स्पर्श बघतात."

"आणि चव?" फुलाक्कानं विचारलं.

करकोच्यानं डोळे अजून थोडे मिटले. "चवही बघायला हरकत नाही."

झालं. जंगलात दवंडी गेली. नमुने पळसाच्या पानांवर मांडले.

सुतारपक्षी भुसा घेऊन आला. त्याच्याकडं भुसा पडूनच असायचा. दिवसभर झाडं कोरायची, भुसा खाली, बायकोची कटकट. तो म्हणाला, "आक्का, सागाचा आहे. असा पिवळाधमक तुम्हाला कुठं मिळायचा नाही. खुराडं भरून नेऊन टाकतो, नुसतं हो म्हणा."

उदमांजरानं नदीची वाळू पाठवली. स्वतः आलं नाही. आलं असतं तर समिती शिल्लक राहिली नसती.

उंदीर भाताचं तूस घेऊन आला. आणि एका पानावर राख होती. ती कवडीनं एका दयाळू चिमणीकडून मागवली होती.

कोंबडी परीक्षा कशी घेते, माहीत आहे ना? आधी पायानं उकरते, मग चोच मारते. तिला दुसरं काही येतच नाही. हिरा दिला तरी ती त्याला टोचूनच बघेल.

राखेला पहिली चोच फुलाक्कानं मारली. राख नाकात गेली. ती शिंकली, तशी राख उडून तुरेरावाच्या तुऱ्यावर बसली. राख बाद झाली.

वाळू टोचली. "कचकच लागते," एक म्हणाली. "पण पोटाला बरी," दुसरी म्हणाली. समितीनं वाळूला मधला क्रमांक दिला.

भुसा टोचला. सागाचा भुसा कडू. सगळ्यांनी चोची जमिनीवर पुसल्या. सुतारपक्षी म्हणाला, "अहो, तो खायचा नाही, खाली अंथरायचा आहे." तुरेराव म्हणाला, "आम्हाला शिकवू नका. नियमात चव आहे."

मग तूस आलं. तूस म्हणजे भाताचं वरचं टरफल. हलकं, कोरडं, शीट पडली की पटकन शोषून घेणारं. काम त्याचं चोख झालं असतं. पण त्या तुसात नजरचुकीनं जोंधळ्याचे थोडे दाणे राहिले होते. उंदराच्या बिळात सगळं एकाच कोपऱ्यात असतं. फुलाक्कानं चोच मारली आणि नेमका दाणा लागला.

तिचे डोळे आपोआप मिटले. "हे," ती म्हणाली.

दुसरीला दाणा लागला. "हेच."

तिसरीला नुसतं तूस लागलं. तिला काही कळेना, पण दोघी म्हणाल्या म्हणून तीही म्हणाली, "हेच बाई."

करकोच्यानं मान आत घालून बारकाईनं पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "तूस आवडलं ते कशामुळं? आतल्या जोंधळ्यामुळं. मग मधे तूस हवंच कशाला? आमच्याकडं तिकडं मूळ कारणाला हात घालतात."

अशा रीतीनं ठरलं की घाणीच्या पाट्यांत जोंधळा घालायचा.

कवडीनं मागून सगळं ऐकलं. ती टोपलीतून अर्धवट उठली, अंडी गार होतील म्हणून परत बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "कारभारी, जोंधळा खायचा असतो."

"तो जुना विचार झाला," तुरेराव म्हणाला.

"कणगीतला का? पावसाळ्यासाठी ठेवलेला?"

"मग काय उसना आणू? चांगल्या कामाला घरचंच लागतं."

"अहो, मूठभर राखेनं भागेल तिथं..."

"हिला पाण्यात बुडवा," फुलाक्का वैतागून म्हणाली. "खुडूक उतरली की बडबड उतरेल."

कवडी गप्प बसली. का ते सांगते. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढलं की तिची ऊब जाते. मग ती अंड्यांकडं ढुंकूनही बघत नाही, दुसऱ्यांसारखी किडे वेचायला लागते. कवडीला माणसाच्या सुरीचीसुद्धा एवढी भीती नव्हती. पिल्लं व्हायच्या आत आपणच आपली अंडी विसरून जाऊ, ही भीती तिच्या पोटात होती.

जोंधळा पाट्यांत ओतला. टपोरा, पांढराशुभ्र, पाट्या काठोकाठ. खुराडं असं दिसायला लागलं की आजूबाजूचे पक्षी बघायला यायचे. लावे आले, तितर आले. मोर आला आणि स्वतःकडं न बघता पाट्यांकडं बघत राहिला. तुरेराव दाराशी उभा राहून सांगायचा, "आमच्याकडं इथं असंच असतं."

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या. खाली जोंधळा, वर कोंबड्या. कुणाला झोप येईना. दांडीवरून नुसतं गिळल्याचा आवाज. शेवटी एकीचा पाय घसरला, म्हणजे तिनं तो घसरू दिला, आणि ती पाटीत पडून चोच मारायला लागली.

तुरेराव गरजला, "अंथरलेलं कुणी खातं का? लाज नाही वाटत?"

पहिला हुकूम निघाला: पाटीतला जोंधळा खायचा नाही.

सगळ्या परत वर बसल्या. थोड्या वेळानं, जे व्हायचं ते झालं. एक शीट पडली आणि बरोबर पाटीच्या मधोमध पडली.

फुलाक्कानं असा श्वास ओढला जणू कोल्हाच आत आला. "कुणी केलं हे? एवढा सोन्यासारखा जोंधळा, त्यात घाण करवते तरी कशी?"

"आक्का, ती घाणीचीच पाटी आहे ना?" एक बिचारी म्हणाली.

"म्हणून काय कुणीही उठून घाण करायची?"

दुसरा हुकूम निघाला: पाटीत शिटायचं नाही.

आता आली का पंचाईत? दांडीखाली पाटी आहे, पाटीत शिटायचं नाही, आणि कोंबडीला शिटल्याशिवाय राहवत नाही. एक दिवस सगळ्यांनी जोर लावून बघितला. दांडीवर फुगलेल्या कोंबड्यांची रांग. कुणी बोलेना, कारण बोलायची हिंमत नव्हती. करकोच्याला पुन्हा बोलावलं.

त्यानं परिस्थिती पाहिली आणि म्हणाला, "सोपं आहे. पाटी हलवायची नाही. दांडी हलवायची."

दांडी मागं सरकवली. पार मागं, भिंतीच्या जवळ. आणि कुणाच्या टोपलीवर आली, हे तुम्ही ओळखलं असेल.

कवडीनं वर पाहिलं. वरती ओळीनं शेपट्या होत्या.

"कारभारी," ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर आलात तुम्ही सगळे."

"तुझी जागा खुडकाची आहे कवडे. रीत आहे. रीत मोडली तर कोल्हा येतो."

"मग दांडी हलवलीत ती रीत नव्हती का?"

"ती सुधारणा," तुरेराव म्हणाला, आणि त्याच्या शेजारून सुधारणा खाली पडली.

सकाळ झाली तेव्हा कवडीच्या ठिपक्यांत पुष्कळ भर पडली होती. तिनं रात्रभर पंख पसरून अंडी झाकून धरली होती. अंडी कोरडी होती, पण गवत भिजलं होतं आणि त्या वासानं तिचे डोळे झोंबत होते. आणखी एक रात्र अशी गेली तर संपलं, हे तिला कळत होतं.

कोंबड्या चरायला बाहेर गेल्या. खुराडं रिकामं झालं. कवडी टोपलीतून उठली आणि तिनं खुराड्यात कोरडी जागा शोधली. भिंतीशी ओल. कोपऱ्यात ओल. दारात कोल्ह्याची भीती. मग तिची नजर पाट्यांवर गेली.

सगळ्या खुराड्यात एकच जागा कोरडी होती, उबदार होती, आणि हुकमानं स्वच्छ होती.

कोंबडी अंडं कसं हलवते? मान त्याच्यावरून पुढं घालते, चोचीचं खालचं अंग अंड्यामागं लावते आणि हळूहळू आपल्याकडं ओढत मागं मागं सरकते. कवडीनं टोपली कलती केली. एक अंडं ओढत पाटीच्या उघड्या बाजूनं आत घेतलं, जोंधळ्यात खड्डा केला, त्यात ठेवलं, वर दाणे लोटले. मग दुसरं. मधे मधे पळत जाऊन टोपलीतल्यांवर जरा बसायची, ती गार व्हायला नकोत. मग पाटीतल्यांवर बसायची. असं करत करत सगळी अंडी नेली. मग बाहेर जाऊन धुळीत लोळून अंग स्वच्छ केलं आणि पाटीत येऊन बसली. खालून जोंधळ्याची ऊब, वरून तिची. कित्येक दिवसांनी तिला डुलकी लागली.

दिवस कलल्यावर खुराडं परत आलं. म्हणजे कोंबड्या आल्या, आणि आपली सुधारणा बघायला करकोचाही आला.

"बया, बया," फुलाक्का दारातच थबकली. "पाटीत बसली ही."

"ऊठ कवडे," तुरेराव म्हणाला.

"का उठू?"

"हुकूम आहे."

"हुकूम आहे की खायचं नाही. मी खात नाही. खुडूक काय खाते? हुकूम आहे की शिटायचं नाही. मी दिवसातून एकदा उठते, बाहेर जाऊन येते. बसायचं नाही, असा हुकूम कधी निघाला?"

तुरेरावानं करकोच्याकडं पाहिलं. करकोच्यानं तळ्याकडं पाहिलं.

"वकीलच झाली मेली," फुलाक्का म्हणाली. "हे ते खुडकाचं डोकं. बोलत काय बसलाय, ओढा तिला आणि घाला तळ्यात."

कोंबड्या चारी बाजूंनी पुढं आल्या. कवडीनं पिसं फुलवली. ती पाटीएवढी दिसायला लागली. एकीला तिनं चोच मारली, दुसरीला पंख मारला. पण त्या पुष्कळ होत्या. एकीनं शेपूट धरली, एकीनं पंख. तुरेराव "सावकाश, जोंधळा सांडेल" असं ओरडत होता. कवडी काठाला पायांनी घट्ट धरून बसली होती आणि पाय सुटत आले होते.

तेवढ्यात पाटीतून आवाज आला. टक. मग थांबून, टक.

सगळ्या जिथल्या तिथं थांबल्या. शेपूट धरलेलीनं शेपूट सोडली. कोंबडी कितीही मोठ्या समितीत असली, तरी तो आवाज तिला कळतो.

कवडीच्या पोटाखालून एक अंडं चिरलं. आतून ओलं, चिपचिपीत, डोळे मिटलेलं पिल्लू बाहेर आलं. त्यानं मान धरायची दोनदा खटपट केली. मग डोळे उघडले, समोर जोंधळा दिसला, आणि त्यानं चोच मारली. पहिला हुकूम तिथंच मोडला. थोड्या वेळानं त्यानं दुसराही मोडला.

पिल्लाला काय बोलणार?

मग करकोचा खाकरला. "प्रयोग यशस्वी झाला," तो म्हणाला. "घाणीच्या पाटीत चांगला माल घातला तर काय होतं, बघा. घाण येत नाही. पिल्लं येतात."

खुराड्यात असा कलकलाट झाला की बाहेर झाडावरचे बगळे उडाले. तुरेराव मान उंच करून आरवला, भलत्याच वेळी. फुलाक्कानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पहिली चोच माझी होती, विसरू नका."

दुसऱ्या दिवशी उरलेली पिल्लंही निघाली. जंगलातले पक्षी बघायला लोटले. तुरेरावानं कवडीला पुढं केलं. "सांग सगळ्यांना, जोंधळ्यानं हे कसं केलं?"

कवडी म्हणाली, "जोंधळ्यानं नाही केलं. मी बसले होते."

"किती साधी आहे," लोक म्हणाले. करकोच्यानं समजावलं, "ती बसली होती हा योगायोग. आमच्याकडं तिकडं त्याला धरत नाहीत."

मग काय, सगळ्या जंगलात तेच सुरू झालं. लाव्यांनी जोंधळा आणला, तितरांनी आणला. खुराड्यातल्या कोंबड्यांनी आपापली अंडी पाट्यांत ठेवली, त्यांच्यावर दाणे लोटले आणि दांडीवर बसून खाली बघत राहिल्या. अंडी गारच राहिली. समिती बसली. जोंधळा हलका निघाला, असं तिच्या ध्यानात आलं. पलीकडच्या जंगलातून भारी जोंधळा मागवायचं ठरलं. करकोचा उन्हाळ्याआधी उडून गेला. जाताना म्हणाला, तिकडं जाऊन हे सगळं सांगतो.

आणि दांडीखाली, भिंतीजवळ, जिथं कवडीची टोपली होती, तिथं ढीग वाढत चालला होता. त्याला पाटी नव्हती, राख नव्हती, तूस नव्हतं. तो कुजला, वाफाळला, आणि त्यात अळ्या झाल्या. मऊ, पांढऱ्या, लठ्ठ.

कवडी पिल्लांची रांग घेऊन तिथं आली. पायानं ढीग उकरला. पिल्लं तुटून पडली. वर दांडीवर समिती भारी जोंधळ्याचा वास कसा असावा यावर बोलत होती आणि मधून मधून खाली, पिल्लांच्या शेजारी, टपकन काहीतरी पडत होतं. कवडी पिल्लांना पंखाखाली घ्यायची, पडायचं ते पडू द्यायची, आणि पुन्हा बाहेर सोडायची. "खा," ती म्हणायची, "वरचे बोलताहेत तोवर खाऊन घ्या."

तात्पर्य: घाणीची पाटी स्वच्छ ठेवायची असेल, तर पाटीला हात लावू नये, आपण बसतो ती दांडी थोडी बाजूला सरकवावी. खाली कुणी बसलेलं असलं तर ते आपणहून उठून सोय बघतं. त्याची सोय झाली की ती आपणच केली, असं जाहीर करायला विसरू नये.